तसू ते टीएमसी : भोर-वेल्ह्यातील मोजमापांचा मागोवा

पावसाळ्यात पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट छापून येते. नीरा खोऱ्यातील चार धरणे, त्यांची क्षमता आणि आजचा साठा. भाटघर २३.५०, नीरा देवघर ११.७३, वीर ९.४१, गुंजवणी ३.६९, एकूण ४८.३३ टीएमसी. यांपैकी भाटघर आणि नीरा देवघर भोर तालुक्यात, तर गुंजवणी वेल्ह्यात. म्हणजे या खोऱ्याच्या साठवणक्षमतेतले पाचातले चार हिस्से या दोन डोंगरी तालुक्यांत आहेत. ही चौकट वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. ४८.३३ मधल्या दशांशचिन्हापुढच्या त्या शेवटच्या ‘तीन’वर आपण किती विश्वास ठेवायचा?

प्रश्न वरवर अंकगणिताचा वाटतो, पण याच मुलखात मोजमापाचा जो इतिहास घडला त्याच्याशी तो थेट जोडलेला आहे.

गुंजण मावळातला राजगड ही शिवाजी महाराजांची पहिली राजधानी. त्यांच्या राज्यातल्या जमीनमोजणीची रीत सभासदाने बखरीत नोंदवली आहे. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. पण हात कोणाचा? पाटलाचा की कुळाचा? यावर तोड म्हणून हाताची लांबी चौदा तसू ठरवली आणि हात-मुठी धरून काठी ८२ तसूंची केली. माणसागणिक बदलणाऱ्या हाताला ठरलेल्या लांबीत बसवणे, ही मापनशास्त्राची पहिली पायरी होय.

ती किती महत्त्वाची, हे मी एकदा हिशेब करून पाहिले. समजा, काठी एका तसूने आखूड निघाली. ८२ पैकी एक, म्हणजे लांबीत सव्वा टक्क्याच्या आसपास फरक. पण क्षेत्र लांबी गुणिले रुंदी असल्याने तो दुप्पट होतो. त्या काठीने मोजल्यास १२० बिघ्यांचा चावर जवळजवळ १२३ बिघे भरेल. जमीन तीच, पीक तेच, पण सारा तीन बिघ्यांचा जास्त. मोजणीतली चूक कागदावर लहान दिसते. शेतकऱ्याला ती धान्यात फेडावी लागते.

धान्याच्या मापांत तर हा घोळ राजरोस होता. चिपटे, मापटे, शेर, पायली ही उतरंड सगळीकडे ओळखीची. पण मण कुठे बारा पायलींचा, कुठे सोळा. ‘एक मण भात’ म्हटल्यावर ‘कुठला मण?’ हा प्रश्न आलाच. एककाशिवाय आकडा आंधळा असतो, हे आमच्या पूर्वजांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापुरातून पाहणी सुरू केली. पुढे ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, ३३ फूट चौरसाचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर ही मापे रूढ झाली. भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होते. ८ मार्च १९४८ रोजी ते विलीन झाले. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मीटर-किलोग्रॅम आले आणि सातबारावर हेक्टर-आर बसले. गुंठा मात्र तोंडातून गेला नाही.

पाण्याच्या बाबतीत उलट झाले. वेळवंडी नदीवरचे आजचे भाटघर धरण, म्हणजे लॉईड धरण, १९२८ चे. त्या काळचे इंजिनिअर पाणी घनफुटांत मोजत. शंभर कोटी घनफूट म्हणायचे तर ‘बिलियन’ हा शब्द अडचणीचा होता. ब्रिटनमध्ये तेव्हा त्याचा अर्थ दशलक्ष गुणिले दशलक्ष असा होई. म्हणून ‘थाउजंड मिलियन क्युबिक फीट’, थोडक्यात टीएमसी. गंमत अशी, की भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त दहाच्या प्रत्येक पटीला नाव देताना नवव्या घाताला ‘अब्ज’ म्हटले होते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. याच यादीत चौदाव्या घाताचे नाव ‘जलधि’ आहे.

शास्त्रज्ञ आज नावांऐवजी घातांक वापरतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ गुणिले दहाचा सातवा घात इतके घनमीटर. या लेखनपद्धतीने जागा वाचते हे खरेच. पण तिचे मोठे काम निराळे आहे. आकार किती मोठा हे घातांक सांगतो आणि आपल्याला खात्रीने किती ठाऊक आहे हे त्याच्या आधीचे अंक सांगतात. त्यांना सार्थ अंक म्हणतात. २.८ लिहिणारा आणि २.८३२ लिहिणारा, दोघे एकच गोष्ट सांगत नाहीत. दुसरा अधिक जबाबदारी घेतो.

आता त्या शेवटच्या ‘तीन’कडे वळू. दशांशाच्या दुसऱ्या स्थानावरचा एक म्हणजे एक कोटी घनफूट, सुमारे २८ कोटी लिटर. एवढे पाणी एका गुंठ्यावर उभे केले तर त्याचा स्तंभ ९,१८३ फूट उंच होईल. समुद्रसपाटीपासून तोरण्याची जी उंची, तिच्या जवळजवळ दुप्पट. आता हेच पाणी ३० चौरस किलोमीटरच्या जलाशयावर पसरून पाहा. पातळी एक सेंटिमीटरही वाढत नाही. साठा थेट मोजता येत नाही; पातळी वाचून कोष्टकावरून काढतात. एक सेंटिमीटर तर वाऱ्याच्या लाटेतच जाते. शिवाय दरवर्षी तळाशी गाळ बसतो आणि कोष्टक जुने होत जाते. म्हणून तो ‘तीन’ मला मोजलेल्या अंकापेक्षा बेरजेतून उरलेला अंक वाटतो.

याने काय बिघडते? या पाण्यावर डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरची आणि उजव्याने फलटण-माळशिरसची शेती उभी आहे. उन्हाळ्यात वाटपाचा वाद होतो तेव्हा दोन्ही बाजू हेच दशांश पुढे करतात. वर ज्यांची भातखाचरे बुडाली, त्यांची जमीन मात्र गुंठ्या-गुंठ्याने मोजून घेतलेली असते. तिथे माणूस बांधावर उभा राहून साखळीकडे पाहू शकत होता. पाण्याच्या आकड्यापाशी तशी सोय नाही.

२० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या ठोकळ्यावरून काढून निसर्गातल्या एका स्थिरांकावर बसवण्यात आली. हात आणि मुठीपासून निघालेली वाट तिथवर गेली आहे. पण एकक कितीही पक्के झाले तरी मोजणाऱ्याने आपली खात्री किती, हे सांगायचे उरतेच. धरणांच्या चौकटीत साठ्याशेजारी ‘इतके कमी-जास्त’ एवढा एक रकाना वाढवला आणि कोष्टक कोणत्या साली तयार केले ते छापले, तर वाटपाला बसणाऱ्या शेतकऱ्याला निदान एवढे कळेल, की आपण खरोखर पाण्यावर भांडतो आहोत की दशांशावर.