ठाणे खाडीची गणितीय परिस्थितिकी

ठाणे खाडी ही साष्टी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये पसरलेली सुमारे २६ किलोमीटर लांबीची भरती-ओहोटीची खाडी आहे. दक्षिणेस ती मुंबई बंदरात उघडते, तर उत्तरेस ठाणे शहराजवळ एका अरुंद प्रवाहाने उल्हास नदीच्या खाडीशी जोडलेली आहे. बदलती क्षारता, प्राणवायूचा अभाव आणि औद्योगिक प्रदूषण यांमुळे येथील जीवसृष्टी सहनशक्तीच्या सीमेवर जगते. अशा परिसंस्थेच्या अभ्यासात निरीक्षणाइतकेच महत्त्व गणिती प्रतिमानांना आहे.

पर्यावरण

पावसाळ्यात खाडीच्या वरच्या भागातील पाणी जवळजवळ गोडे होते आणि उन्हाळ्यात त्याची क्षारता समुद्राच्या पाण्याजवळ पोहोचते. चिखलाच्या वरच्या पातळ थराखाली प्राणवायू नसतो. तेथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, म्हणून चिखल काळा दिसतो व त्याला कुजका वास येतो. तिवराची झाडे श्वसनमुळे चिखलाबाहेर काढून आणि पानांवाटे मीठ टाकून येथे तग धरतात. निवटी हा मासा ओलसर त्वचेतूनही श्वसन करू शकत असल्याने ओहोटीच्या वेळी उघड्या चिखलावर फिरतो.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील सांडपाणी आणि शहरांचे मैलापाणी या खाडीत येते. अंबरनाथ व उल्हासनगरमधून वाहत येणारी वालधुनी नदी कल्याणजवळ उल्हासला मिळते. खाडीचे उत्तर टोक त्या खाडीशी जोडलेले असल्याने कल्याण-डोंबिवलीतील प्रदूषणाचा विचार वगळून ठाणे खाडीचा हिशोब पूर्ण होत नाही.

पाण्याचा मुक्काम

प्रदूषक खाडीत किती काळ राहतो, हा पहिला गणिती प्रश्न आहे. भरतीच्या मुख्य चांद्र घटकाचा आवर्तकाल सुमारे १२ तास २५ मिनिटे असतो. उदाहरणादाखल, प्रत्येक ओहोटीत एक पंचमांश पाणी बाहेर जाते आणि परत येत नाही असे मानले, तर दहा ओहोट्यांनंतर, म्हणजे सुमारे पाच दिवसांनी, मूळ प्रदूषकाचा साधारण दहावा भाग उरतो. बाहेर गेलेल्यापैकी निम्मे पाणी पुढच्या भरतीबरोबर परतले, तर तेवढ्याच घटीला सुमारे बावीस ओहोट्या, म्हणजे अकरा दिवसांहून अधिक काळ लागतो. अरुंद उत्तर भागात, तसेच भराव व गाळ यांमुळे पात्र उथळ झालेल्या ठिकाणी, हा काळ आणखी वाढतो. मुंबई बंदर परिसरातील प्रवाह व गाळाची गणिती प्रतिमाने पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेने तयार केली आहेत.

विरघळलेल्या प्राणवायूसाठी स्ट्रीटर आणि फेल्प्स यांचे १९२५ मधील समीकरण हा पाया मानला जातो. सेंद्रिय पदार्थांच्या कुजण्याने खर्च होणारा आणि हवेतून मिसळणारा प्राणवायू यांचा ते ताळा मांडते. मात्र ते ओहायो या एकाच दिशेने वाहणाऱ्या नदीच्या अभ्यासातून आले. खाडीत तेच पाणी दिवसातून साधारण चार वेळा दिशा बदलते. म्हणून प्राणवायूच्या नीचांकाची जागाही सरकत राहते आणि समीकरणात भरती-ओहोटीच्या प्रवाहाची भर घालावी लागते.

जैवविविधतेचे मापन

ठाण्यातील बांदोडकर विज्ञान महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने खाडीचे पाणी, गाळ आणि तळाशी राहणारे जीव यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. अशा नोंदींच्या विश्लेषणात क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या माहिती सिद्धान्तातून आलेला विविधता निर्देशांक वापरला जातो. दहा प्रजाती समप्रमाणात असतील तर तो सुमारे २.३० येतो, तेवढ्याच प्रजातींपैकी एकीचे प्रमाण ९१ टक्के आणि उरलेल्या नऊंचे प्रत्येकी एक टक्का असेल तर तो ०.५० पर्यंत घसरतो. प्रजातींची यादी तीच राहते, एकूण संख्या वाढूही शकते, पण समुदाय एकसुरी झालेला असतो. सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या कृमींची गर्दी झालेल्या चिखलात हेच घडते.

रोहित पक्षी

हिवाळ्यात खाडीवर उतरणारे रोहित पक्षी हे याच गणिताचे अवघड उदाहरण होय. छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवालांवर जगतो, आणि मैलापाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस शैवालांची वाढ करतात. त्यामुळे पक्ष्यांची मोठी संख्या हा खाडीच्या आरोग्याचा पुरावा मानता येत नाही. चेंदणी कोळीवाड्यासारख्या मच्छीमार वस्त्यांच्या दृष्टीने मासळीची घट हाच अधिक थेट निकष आहे.

मायकेल रोझेन्झ्वाइग यांनी १९७१ मध्ये दाखवले की, भक्ष्याला मिळणारे पोषण वाढवल्यास भक्ष्य-भक्षक प्रणाली स्थिर होण्याऐवजी तीव्र चढउतारांकडे झुकू शकते. हा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू होत नाही. रोहित ठाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांची वीण मुख्यतः गुजरातमधील कच्छच्या रणात होते. त्यामुळे खाडीवरील त्यांची संख्या स्थानिक जन्मदरापेक्षा स्थलांतरावर ठरते आणि प्रतिमानात कच्छमधील पाऊसही घ्यावा लागतो.

संरक्षण

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १६.९ चौरस किलोमीटर भाग ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित केला. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य आहे. २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या सीमा जमिनीवर आखलेल्या आहेत; उल्हास खाडीतून ठाण्याकडे येणारे पाणी त्यांच्या बाहेरून येते.