बोरीवरील भुरी व फळमाशी

संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाणासाठी घरोघरी बोरे आणली जातात. वरून टपोरे दिसणारे बोर फोडले, की पुष्कळदा आत अळी आढळते. हे नुकसान काढणीच्या किती तरी आधी सुरू झालेले असते.

बोर हे अश्मगर्भी, म्हणजे आठळी असलेले फळ आहे. खोल मुळे आणि उन्हाळ्यातील पानगळ यांमुळे बोरीचे झाड कोरडवाहू जमिनीतही तग धरते. खानदेशात जळगावजवळील मेहरूणच्या नावाने ओळखले जाणारे बोर प्रसिद्ध आहे. उमराण, कडाका या जातींचीही महाराष्ट्रात लागवड होते.

भुरी : हा बुरशीजन्य रोग आहे. कळ्यांवर व लहान फळांवर पांढरी भुकटी दिसते. पुढे फळे तपकिरी, खडबडीत होऊन तडकतात व गळतात. फुलोऱ्याच्या सुरुवातीस व त्यानंतर १५ दिवसांनी, १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक घालून फवारावे. भर उन्हात फवारणी टाळावी.

फळमाशी : मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खातात आणि पूर्ण वाढ झाल्यावर जमिनीत जाऊन कोषावस्थेत राहतात. अळी फळात शिरल्यानंतर वरून केलेल्या फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. फळे वाटाण्याएवढी असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. गळलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. एप्रिल-मे महिन्यांत छाटणी करून झाडाखालची जमीन खणावी. कोष उन्हाने व पक्ष्यांमुळे नष्ट होतात. आठळीभोवतीचा गर पोखरणाऱ्या तांबूस अळीसाठीही हेच उपाय उपयुक्त ठरतात.

धरणगाव परिसरासारख्या कोरडवाहू भागात बांधावर, नाल्याकाठी गावठी बोरी वाढतात. तेथे फळमाशीला आश्रय मिळतो. त्यामुळे एकट्या बागायतदाराने घेतलेली काळजी पुरी पडत नाही. पडलेली फळे वेचण्याचे काम शेजाऱ्यांनी मिळून केले पाहिजे.

जुन्या पुस्तकांत सुचवलेल्या कार्बारिलवर केंद्र सरकारने २०१८ मध्ये बंदी घातली आहे. औषध निवडताना कृषी विभागाचा सल्ला घ्यावा आणि फवारणी व काढणी यांतील ठरलेले अंतर पाळावे. लहान मुलांच्या ओंजळीत पडणाऱ्या फळाबाबत ही दक्षता अत्यावश्यक आहे.