मोजपट्टी कोणाच्या हातात? : ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि मूलनिवासी खेळाडू

आमच्या महाविद्यालयाच्या जिमखाना समितीवर मी गेली चार वर्षे आहे. इतिहासाच्या प्राध्यापकाचे तिथे काय काम, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. बैठकीचे इतिवृत्त लिहायला बरे अक्षर असलेला एक माणूस लागतो. कबड्डीच्या संघनिवडीच्या वेळी आमच्याच वस्तीतल्या एका मुलाचे नाव निघाले. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "पोरगा चपळ आहे. यांच्या अंगातच असतं ते. घ्या त्याला. पण कप्तान नको, कप्तानाला डोकं लागतं." कोणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. मी इतिवृत्तात लिहिले : 'चपळ. चढाईसाठी निवड.' आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझ्या एका मुलाखतीतही 'पाठांतर उत्तम' असा शेरा कोणीतरी मारला होता. पाठांतर, म्हणजे विचार नव्हे. ज्याने असा शेरा सोसला त्यानेच तो दुसऱ्याच्या नावापुढे लिहावा, हे मला पुष्कळ दिवस खुपत राहिले.

या सलत्या मनःस्थितीत मी ऑस्ट्रेलियाकडे वळलो तो वेगळ्याच वाटेने. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी ब्रिस्बेन शहरात तिथल्या मूलनिवासी तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. दोघांनीही नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यावरून. या ऑस्ट्रेलियन तरुणांच्या आधीच्या पिढीत कोण होते हे शोधता शोधता डग निकोल्स हा माणूस भेटला, आणि तो भेटला तो फुटबॉलच्या मैदानावर. मग त्या खेळाचा इतिहास वाचत गेलो. खेळाडूचा कस आणि संघाचे भवितव्य तिथे कोणी व कसे ठरवले, याचा तो इतिहास आहे. आपल्याकडे 'गुणवत्ता' हा शब्द कोणाच्या तोंडी असतो आणि कोणाविरुद्ध असतो हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना तो परका वाटणार नाही.

खेळाची ओळख थोडक्यात. मैदान लंबगोल, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. चेंडू हातात घेता येतो, पण फेकता येत नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो. लाथाडलेला चेंडू हवेतच झेलला तर झेलणाऱ्याला विनाअडथळा पुढची लाथ मिळते. १८५९ साली मेलबर्नमध्ये याचे पहिले नियम लिहिले गेले. ते लिहिणाऱ्यांत टॉम विल्स होता, आणि त्याचे बालपण पश्चिम व्हिक्टोरियात जाब वुरुंग या मूलनिवासी समाजाच्या मुलांत गेले होते. त्या भागातले मूलनिवासी 'मार्नग्रूक' नावाचा चेंडूचा खेळ खेळत. पोसम या प्राण्याच्या कातड्याचा चेंडू, उंच लाथ, उंच उडी. विल्सने तिथून काही घेतले का, यावर तिथल्या इतिहासकारांचे अजून एकमत नाही. एक पक्ष म्हणतो, लेखी पुरावा नाही. बरोबरच आहे. पण ज्यांची भाषा लिहिलीच जात नव्हती, आणि ज्यांच्या जमिनी त्याच वर्षांत हिसकावल्या जात होत्या, त्यांच्याकडून लेखी पुरावा मागणे हे आमच्या विषयातले जुने दुखणे आहे. मी विल्सच्या बाजूने वा विरुद्ध निकाल देत नाही. लेखणी कोणाच्या हातात होती तेवढे पाहून पुढे जातो.

डग निकोल्सचा जन्म १९०६ चा, मरे नदीकाठच्या कमरागंजा या मूलनिवासी वसाहतीतला. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पाय असे की व्यावसायिक धावण्याच्या शर्यती त्याने जिंकल्या होत्या. १९२७ साली तो मेलबर्नच्या कार्लटन क्लबात निवडचाचणीला गेला. खेळ पाहून नाकारले असते तर तो एक निर्णय झाला असता. पण त्याच्या अंगाला वास येतो, असे सांगून मालिश करणाऱ्यांनी त्याला हात लावायचे नाकारले आणि त्याला बाहेर पडावे लागले. वाचकहो, 'विटाळ' हा शब्द इंग्रजीत नाही असे आपण समजतो. शब्द नसेल, पण तो व्यवहार तिथेही होताच. निकोल्स नॉर्थकोट या दुय्यम मंडळातल्या क्लबात गेला, तिथे नाव काढले, आणि १९३२ साली फिट्झरॉय क्लबाने त्याला वरच्या मंडळात घेतले. तिथेही सुरुवातीला तो कपडे बदलायला एका कोपऱ्यात एकटा बसे. त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू हेडन बंटन उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला, अशी हकीकत सांगतात. १९३५ साली तो व्हिक्टोरिया राज्याच्या संघातून खेळला. कार्लटनच्या मोजमापात चूक होती ती कोणती? त्याचा वेग त्यांना दिसला नव्हता असे नाही. जे दिसले ते मोजायचेच नाही असे त्यांनी ठरवले होते.

निकोल्सच्या पुढच्या आयुष्यावर स्वतंत्र लेख व्हावा. २६ जानेवारी १९३८ रोजी, गोऱ्यांच्या वसाहतीला दीडशे वर्षे झाल्याचा उत्सव चालू असताना, सिडनीत मूलनिवासींनी 'शोकदिन' पाळला. त्यात तो होता. पुढे तो धर्मोपदेशक झाला, १९७२ साली 'सर' झाला आणि १९७६ च्या अखेरीस दक्षिण ऑस्ट्रेलियाचा राज्यपाल.

दुसरा माणूस ग्रॅहम फार्मर, ज्याला सगळे 'पॉली' म्हणत. जन्म १९३५, पर्थचा, अनाथाश्रमात वाढलेला. १९६२ मध्ये तो जीलाँग क्लबात आला आणि १९६३ साली जीलाँगने अजिंक्यपद मिळवले. फार्मरच्या आधी मुठीने चेंडू देणे ही अडचणीतली पळवाट समजली जाई. लाथ मारायला जागा नाही, मग द्या कसातरी. फार्मरने ते आक्रमणाचे हत्यार केले. धावत येणाऱ्या सोबत्याच्या पुढ्यात, तो पोचेल त्या क्षणी चेंडू पडेल, असा लांब ठोसा. गाडीच्या उघड्या खिडकीतून चेंडू आरपार घालण्याचा सराव तो करी. म्हणजे हा माणूस खेळाचा विचार करणारा होता. खेळाचे तंत्रच त्याने बदलले. वेस्ट पर्थला १९६९ आणि १९७१ साली त्याने कर्णधार व प्रशिक्षक या दुहेरी नात्याने अजिंक्यपद मिळवून दिले. १९७३ ते १९७५ तो जीलाँगचा प्रशिक्षक होता. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत वरच्या मंडळातले मूलनिवासी मुख्य प्रशिक्षक एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

मैदानावर मात्र चित्र अगदी वेगळे आहे. २०२१ च्या जनगणनेत मूलनिवासी लोकसंख्या ३.२ टक्के होती, तर या खेळाच्या राष्ट्रीय मंडळात अलीकडच्या काळात साधारण दर दहा खेळाडूंत एक मूलनिवासी राहिला आहे. मग तक्रार काय, असे कोणी विचारील. तक्रार विशेषणांची आहे. मूलनिवासी खेळाडूबद्दल समालोचकांची ठरलेली विशेषणे म्हणजे 'जादूई', 'उपजत', 'अंगभूत'. गोऱ्या खेळाडूबद्दल 'कष्टाळू', 'शिस्तीचा', 'खेळ वाचणारा', 'नेता'. पहिल्या यादीतले सारे गुण जन्माने मिळतात, दुसऱ्या यादीतले माणूस कमावतो. जन्माने मिळालेल्याचे श्रेय कोणाला देणार? हॅलिनन, ब्रूस आणि कोरॅम या समाजशास्त्रज्ञांनी १९९९ साली मूलनिवासी खेळाडूंना कोणत्या जागा मिळतात हे तपासले. निर्णयाच्या मधल्या जागांपेक्षा पुढच्या, चपळाईच्या जागांवर ते अधिक दिसले. आमच्या इतिवृत्तातला 'चढाईसाठी निवड' हा शेरा मला त्या वेळी आठवला.

आपल्याकडे हे नवे नाही. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी तयार करी आणि साहेबांना सरावाला गोलंदाजी टाकी. पुढे हिंदूंच्या संघात तो हवा होता, कारण बळी हवे होते. चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते मिळाले त्याचा भाऊ विठ्ठल याला, १९२३ साली, आणि तेही बराच वाद झाल्यावर. बाळूची बोटे हवी होती, डोके नको होते.

आता पदकाची गोष्ट. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधले सर्वांत मानाचे ब्राउनलो पदक १९२४ पासून दिले जाते. प्रत्येक सामन्यानंतर पंच तिघा खेळाडूंना तीन, दोन, एक अशी मते देतात. पण निकष नुसता 'उत्कृष्ट' असा नाही. 'सर्वांत सभ्य व उत्कृष्ट' असा आहे. हंगामात ज्याच्यावर निलंबनाची कारवाई झाली तो अपात्र. निकष वाचायला निर्दोष आहे. पण मैदानात काय चाले? मूलनिवासी खेळाडूला रंगावरून, आईवरून शिव्या घालायच्या आणि त्याने हात उचलला की त्याला पंचांपुढे उभे करायचे. ठोशाला शिक्षा होती, शिवीला नव्हती. नॉर्थ मेलबर्नचा जिम क्रॅकॉअर १९८० च्या दशकात पुन्हा पुन्हा निलंबित झाला आणि 'रागीट' म्हणून त्याची नोंद झाली. त्याला काय ऐकवले जात होते याची नोंद करायला नियमातच जागा नव्हती. पहिला मूलनिवासी ब्राउनलो विजेता, गॅव्हिन वॉनगनीन, १९९३ साली झाला. पदक सुरू झाल्यापासून ६९ वर्षांनी.

त्याच वर्षी, १७ एप्रिलला, कॉलिंगवूडच्या व्हिक्टोरिया पार्क मैदानावर सेंट किल्डाचा निकी विनमार दिवसभर प्रेक्षकांच्या शिव्या खात खेळला. संघ जिंकला. सामना संपल्यावर त्याने प्रेक्षकांकडे तोंड करून अंगातली बनियन वर उचलली आणि आपल्या काळ्या कातडीवर बोट ठेवले. ते छायाचित्र आज ऑस्ट्रेलियात सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर कॉलिंगवूडचे तेव्हाचे अध्यक्ष दूरचित्रवाणीवर म्हणाले की हे लोक गोऱ्यांसारखे वागतील तोवर आम्ही त्यांचा मान ठेवू. मोजपट्टी कोणाची, हे इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच कोणी सांगते. १९९५ साली एसेंडनच्या मायकेल लाँगने मैदानावरच्या वांशिक शिवीविरुद्ध तक्रार केली, ती मागे घ्यायला नकार दिला, आणि त्याच वर्षी मंडळाला वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम करावा लागला. नियम झाला तो खेळाडूंनी रेटला म्हणून.

आता निवड शास्त्रीय झाली आहे असे सांगतात. १९८६ पासून नवोदितांची वार्षिक निवडसभा भरते. गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिले नाव उचलायचा हक्क, म्हणजे दुबळ्याला आधी संधी. (हे तत्त्व खेळात सर्वांना न्याय्य वाटते. शिक्षणात आणि नोकरीत तेच सांगितले की लोकांना गुणवत्तेची काळजी पडते.) त्याआधी मुलांची मापे घेतात : वीस मीटर धाव, उभी उडी, दमाची चाचणी. मग मुलाखती. संघाचे भवितव्य आजमावण्याचीही रीत आहे. नुसते विजय मोजत नाहीत. केलेले गुण भागिले खाल्लेले गुण, अशी टक्केवारी काढतात, आणि थोडक्यात हरणारा संघ पुढच्या वर्षी वर येईल असा अंदाज बांधतात. हे सारे उपयोगी आहे, मी त्याला नावे ठेवत नाही. पण १९९७ साली ॲडम गुड्स या मुलाचे नाव ४३ वे उचलले गेले. आधीच्या ४२ वेळा कोणीतरी दुसऱ्याला पसंत केले होते. हाच गुड्स पुढे २००३ आणि २००६ असा दोनदा ब्राउनलो विजेता झाला. आकडे चुकतात, ते मान्य. आकड्यांना रंग नसतो. पण मुलाखत घेणाऱ्याला नजर असते. २०१२ च्या मार्चमध्ये ॲडलेड क्लबाच्या निवडप्रमुखाला पद सोडावे लागले. एक तरी पालक गोरा असल्याखेरीज मूलनिवासी मुलगा घेणार नाही, असे त्याने मंडळाच्या अधिकाऱ्यांपुढे म्हटल्याचे प्रसिद्ध झाले होते. आपण भविष्यातला धोका बोलून दाखवत होतो, आपल्या शब्दांचा विपर्यास झाला, असे त्याचे म्हणणे. ते खरे धरले तरी प्रश्न उरतो. असा धोका बोलून दाखवावा इतके ते वातावरण परिचयाचे होते.

गुड्सची शेवटची वर्षे पाहा. २०१३ मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलीने त्याला प्रेक्षकांतून 'माकड' म्हटले. त्याने ते दाखवून दिले, आणि दुसऱ्याच दिवशी सांगितले की दोष त्या मुलीचा नाही, तिला आधार हवा. २०१४ साली तो 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला. आपल्या लोकांच्या इतिहासाबद्दल बोलू लागला. तेव्हापासून मैदानोमैदानी त्याची हुर्यो सुरू झाली. हुर्यो करणाऱ्यांचे म्हणणे असे की प्रश्न रंगाचा नाही, तो पंचांना फसवून फायदा मिळवतो, म्हणजे त्याच्या खेळात खोट आहे. दोनदा पंचांनीच ज्याला सर्वांत सभ्य व उत्कृष्ट ठरवले होते त्याच्या खेळात बोलू लागल्यावर खोट सापडली! २०१५ साली ३७२ सामन्यांनंतर तो निवृत्त झाला. मंडळाने आणि सर्व क्लबांनी जाहीर माफी मागितली ती २०१९ साली. २०२१ मध्ये कॉलिंगवूड क्लबाने स्वतःच नेमलेल्या चौकशीचा अहवाल बाहेर आला. त्यात क्लबाच्या व्यवस्थेतच वंशवाद असल्याचे नमूद होते.

आमच्या त्या मुलाचा सामना पाहायला मी गेलो होतो. चढाया त्याने चांगल्या केल्या. पण माझे लक्ष मध्यंतराकडे गेले. समोरचा चढाईपटू डाव्या कोपऱ्यातच का येतो आणि साखळी कशी लावली तर तो सापडेल, हे तो मातीवर बोटाने रेघा काढून सांगत होता. कप्तान वाकून ऐकत होता. दुसऱ्या डावात तसेच झाले. इतिवृत्ताच्या नमुन्यात यासाठी रकाना नाही. मी 'शेरा' या रकान्याच्या बाजूला समासात ते लिहिले आणि खाली तारीख घातली.