खाड्याचे पैसे कोण देणार? हौशी रग्बीचा दडवलेला इतिहास

हर्सूलमधली काही पोरं रग्बीचा क्लब काढायचं म्हणतायत. परवा त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "दादा, हा मोठ्या लोकांचा खेळ ना? आपल्याला जमंल का?" पोरगा चिकलठाणा एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे. खेळायला जमेल का, ही त्याची खरी अडचण नव्हती. सामन्यासाठी एक दिवस गेला तर खाडा पडेल आणि त्या दिवसाचा पगार कापला जाईल, ही खरी अडचण होती.

मित्रांनो, हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या गिरणी कामगारांनी विचारला होता. त्याचं उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा रग्बीचे दोन तुकडे झाले.

रग्बीचा जन्म इंग्लंडमधल्या धनिकांच्या निवासी शाळांमध्ये झाला. १८७१ साली लंडनमध्ये 'रग्बी फुटबॉल युनियन' स्थापन झाली. पुढे हा खेळ यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्या-खाणींच्या गावांत पोहोचला आणि कामगारांची पोरं जमीनदारांच्या पोरांना मैदानात लोळवू लागली. पण कामगाराला शनिवारीही सकाळची पाळी असायची. दूरच्या सामन्याला जायचं तर रोजगार बुडायचा. म्हणून १८९३ साली यॉर्कशायरच्या क्लबांनी साधा ठराव मांडला: खेळाडूचा जेवढा रोज बुडाला, तेवढा भरून द्यावा. पगार नको, बक्षीस नको, फक्त खाड्याचे पैसे. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. कारण काय दिलं? खेळ 'हौशी' राहिला पाहिजे, पैशाने तो विटाळतो!

विटाळ हा शब्द माझा आहे. पण मनोवृत्ती ओळखीची वाटते की नाही?

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी 'नॉर्दर्न युनियन' काढली. २२ क्लब तिच्यात सामील झाले. त्यांनी खाडा भरून द्यायला सुरुवात केली, दिवसाला जास्तीत जास्त ६ शिलिंग. आजची रग्बी लीग ती हीच. जुन्या युनियनने मात्र या खेळाडूंवर बहिष्कार घातला. एकदा तिकडे खेळला की परतीचा रस्ता बंद. आणि ज्या हौशीपणाच्या सोवळ्यासाठी हे सगळं केलं, तो नियम १९९५ च्या ऑगस्टमध्ये स्वतःच गुंडाळला. तब्बल शंभर वर्षांनी!

आता आपल्याकडे या. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात गोऱ्यांनी आपापसात सामना खेळला आणि लगेच क्लबही काढला. काही वर्षांत पलटण हलली, क्लबातली फुकटची दारू बंद झाली आणि खेळणारे कमी पडले. भोवती लाखो माणसांचं शहर होतं, तरी खेळणारे कमी पडले! क्लब गुंडाळताना बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्याचा चषक केला आणि इंग्लंडला पाठवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्याच 'कलकत्ता कप'साठी खेळतात. त्याला नागाच्या आकाराचे तीन कान आहेत, झाकणावर हत्ती आहे. खेळाडू घडवण्यापेक्षा चषक घडवणं त्यांना सोपं वाटलं. मुंबईत १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला. आजही देशातल्या रग्बीचं ते मोठं ठाणं आहे. तिथेही सुरुवातीला भारतीयांना सभासदत्व नव्हतं. भारतीय माणूस आत जायचा तो चाकरी करायला.

चाकरी करतच आपला एक माणूस मैदानात शिरला. खेळ क्रिकेटचा होता, पण गोष्ट इथलीच आहे. चांभार समाजातले पळवणकर बाळू पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना ३ रुपयांवर आणि मग युरोपियनांच्या क्लबात ४ रुपयांवर खेळपट्टी झाडायचे, जाळी लावायचे. तिथेच साहेबांना चेंडू टाकता टाकता ते देशातले अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. म्हणजे हौशीपणाने बाळू घडवला नाही. ४ रुपयांनी घडवला. हिंदूंच्या क्लबाने त्यांना संघात घेतलं, कारण जिंकायचं होतं. पण चहा तंबूच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद काही मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही मोठ्या भांडणानंतर. बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. पण १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याच बाळूंना बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं. बाबासाहेब निवडून आले. 'आपला एक माणूस संघात आला' एवढ्यावर खूश होणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

रग्बीत आज वेगळी उदाहरणंही आहेत. ज्या कलकत्त्यात रुपये वितळवले, तिथेच २००४ मध्ये 'जंगल क्रोज' सुरू झाला आणि वस्त्यांमधली पोरं खेळू लागली. २००७ मध्ये भुवनेश्वरच्या निवासी शाळेतली आदिवासी मुलं लंडनमध्ये १४ वर्षांखालील शालेय स्पर्धा जिंकून आली. त्या संस्थेच्या शिक्षणपद्धतीवर गंभीर आक्षेप आहेत आणि ते मला मान्य आहेत. पण मुद्दा बघा: त्या मुलांचं जेवण आणि राहणं भागलेलं होतं. त्यांना खाड्याची चिंता नव्हती.

म्हणून हर्सूलच्या पोरांना मी सांगितलं, ड्रेसचा रंग नंतर ठरवा. सेव्हन्स खेळा, सात जणांचा संघ, सात-सात मिनिटांचे दोन डाव, २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. आणि क्लबच्या वहीत पहिलं खातं खाड्याचं उघडा. ज्याची नोकरी पक्की आहे त्याने महिन्याला थोडे जास्त टाकायचे, ज्याचा रोज बुडेल त्याला त्यातून द्यायचे. त्यावर एक जण म्हणाला, "मग आपण हौशी नाही राहणार की."

मी म्हटलं, नका राहू.