एका चिठ्ठीचे उत्तर

वाशीम जिल्ह्यातील एका गावी व्याख्यान संपल्यावर आमच्याकडे निनावी चिठ्ठ्या आल्या. एकीत लिहिले होते : "चार महिन्यांपूर्वी एका बाईचे चुंबन घेतले. त्यापलीकडे काही नाही. एच.आय.व्ही.ची तपासणी तीनदा केली, परवाच शेवटची. काही निघाले नाही. तरी झोप लागत नाही." ही चिठ्ठी वाचू नये, असे शेजारी बसलेल्या गुरुजींनी हळूच सुचविले.

अशा चिठ्ठ्या मराठीत जुन्याच आहेत. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. घरी वा डॉक्टरांना विचारण्याची लाज वाटे, ते प्रश्न वाचक त्यांना पत्राने विचारीत आणि कर्वे छापील उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरी २०० रुपये दंड झालाच.

त्या काळी भिण्यास कारणही होते. उपदंशाचा जंतू १९०५ साली सापडला आणि पुढच्याच वर्षी वासरमान यांची रक्ततपासणी आली. पण ही तपासणी प्रत्यक्ष जंतू शोधत नसे, रक्तातील एक प्रतिक्रिया पाही. हिवताप किंवा कुष्ठरोग असला तरी ती कधी कधी उपदंश दाखवी. आपल्यासारख्या हिवतापाच्या मुलखात हा केवढा घोटाळा! पेनिसिलीनचा गुण तर १९४३ साली कळला.

एच.आय.व्ही.ची रक्ततपासणी १९८५ साली आली, आणि तिच्याबरोबर 'विंडो पीरियड' हा शब्दही. लागण झाल्यापासून ती तपासणीत दिसेपर्यंतचा हा काळ. घाबरलेला माणूस 'नाही' या निकालाचा अर्थ 'अजून नाही' असा लावतो, तो यामुळेच. पण या काळाला शेवट असतो. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या तपासणीला ९० दिवस पुरतात. विषाणूचे प्रथिनही शोधणाऱ्या प्रयोगशाळेतील तपासणीला ४५.

आम्ही चिठ्ठी वाचली आणि उत्तर दिले. लाळेतून एच.आय.व्ही. पसरत नाही; दोघांच्याही तोंडातून रक्त येत नसेल तर चुंबनाने तो होत नाही. तोंडातील व्रणातून उपदंश क्वचित लागतो. त्याची शंका असल्यास वेगळी तपासणी आहे. एच.आय.व्ही.साठी मात्र चौथ्यांदा रक्त देऊ नये. चार महिने झाले आहेत, निकाल खरा आहे. तरीही झोप येत नसेल तर उपचार त्या काळजीवर हवा. त्यासाठी १०९७ या क्रमांकावर बोलता येते, नावही सांगावे लागत नाही.

गुरुजी सभा संपेपर्यंत खाली पाहत होते. निघताना मात्र त्यांनी तो क्रमांक पुन्हा विचारून लिहून घेतला.