थोड्या मालाचे थंड भाडे

आजचा विषय वरवर पाहता व्यापाऱ्यांचा वाटेल. परंतु परमुलखात संसार थाटलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या ताटाशी त्याचा संबंध आहे. थोडासा माल थंड राखून दूर पाठवावयाचा झाला, की त्याचे भाडे मालाच्या मानाने इतके जड का पडते?

दिनांक १५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स बंदरातून ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज निघाले आणि ९८ दिवसांनी लंडनला पोहोचले. त्याच्या पोटात सुमारे ५,००० गोठविलेले पशू, मुख्यत्वे मेंढ्या, होते. त्यांपैकी केवळ एक खराब ठरला. जहाजावरील बेल-कोलमन शीतयंत्र वाफेवर चाले व दिवसाला सुमारे तीन टन कोळसा खाई. कोठारात पाच हजार मेंढ्या असोत वा पाचशे, यंत्र चालवावेच लागे. त्या सफरीमागे न्यूझीलंड अँड ऑस्ट्रेलियन लँड कंपनीसारखी बडी संस्था होती, म्हणून कोठार भरले आणि खर्च निघाला. एकट्यादुकट्या धनगराला हे साधले नसते.

दुसरे कारण भूमितीचे आहे. उष्णता पृष्ठभागातून आत शिरते. एक मीटर बाजूच्या घनाकृती पेटीला एका घनमीटरामागे सहा चौरस मीटर पृष्ठभाग असतो. बाजू दुप्पट केली, की तो तीनच उरतो. लहान गठ्ठा म्हणूनच लवकर तापतो.

तिसरे कारण शेजाराचे. गोठविलेल्या मांसाला उणे १८ अंशांची थंडी लागते, सफरचंद शून्याच्या आसपास सुखाने राहते, तर हापूस तेवढ्या गारठ्यात काळवंडतो आणि नीट पिकत नाही. त्याला बारा-तेरा अंश मानवतात. तेव्हा रिकामी जागा दिसली म्हणून कोणाचाही माल कोणाजवळही ठेवता येत नाही.

आपल्या पूर्वजांच्या कोकणाने हा धडा लवकरच घेतला. मुंबई इलाख्याचे उद्यानतज्ज्ञ चीमा यांनी १९३२ व १९३३ च्या हंगामांत आंबा युरोपास पाठविण्याचे प्रयोग केले. चीमा व दाणी यांचा अहवाल १९३४ साली प्रसिद्ध झाला. पुढे विमानाने दिवस वाचविले, पण भाडे वाढविले. फळमाशीच्या भयाने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली. १९७३ पासून युरोपीय समुदायात व पुढे संघात असलेल्या ब्रिटनलाही ती लागू झाली. २०१५ च्या आरंभी ती उठली, ती प्रक्रिया व तपासणी यांच्या अटींसह. तपासणी व कागदपत्रे प्रत्येक खेपेमागे लागतात. पेट्या दहा असोत वा हजार. या ओझ्याखाली आधी वाकतो तो थोड्या कलमांचा बागायतदार.

उपाय मात्र जुनाच आहे : अनेकांचा माल एकाच जागी गोळा करून कोठार भरणे. ब्रिटनमध्ये लंडन व मँचेस्टरपासून दूर राहणाऱ्या कुटुंबांनी कोशेर मांसाची मागणी सणाआधी एकत्र नोंदविली, तर तेच गणित त्यांच्या बाजूने वळते. शेजाऱ्याला विचारून मागणी द्यावी, ही साधी रीत येथे परोपकार आहेच, शिवाय हिशेबही आहे.