गडी : सवंगडी की चाकर?

कबड्डीत पंच 'गडी बाद' म्हणतो, तेव्हा गडी म्हणजे खेळाडू. 'सवंगडी'तही तोच गडी. 'अरे गड्या' ही दोस्ताला मारलेली हाक. पण वाड्यात आणि शेतावर गडी म्हणजे राबणारा नोकर. एकाच शब्दात मैत्री आणि चाकरी! भाषा निरागस नसते मित्रांनो, समाजरचना तिच्यात मुरलेली असते.

कबड्डीचा सगळा खेळच शिवण्यावर. मैदानात शिवलं की गुण, पाणवठ्यावर शिवलं की विटाळ! म्हणजे बंधुता फक्त डाव संपेपर्यंत. ही सीमा बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओलांडली. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी बजावलं की बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत. ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, हे त्यांनी 1954 मध्ये आकाशवाणीवर सांगितलं. बुद्धाने आनंदाला कल्याणमित्रता हेच संपूर्ण श्रेष्ठ जीवन असल्याचं सांगितलं होतं.

म्हणून कुणी 'गड्या' म्हणून खांद्यावर हात टाकला, तर एवढंच तपासा : हा हात ताटापर्यंत येतो का?

जयभीम!